जठरातल्या जंतूची तपासणी कशी करून घ्यावी

नागपुरात जळजळ सुरू झाली की पहिला आळ तर्री-पोह्यावर, दुसरा सावजी रश्श्यावर. मग पॅन्टोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळीची पट्टी आणून रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, महिनोन्‌महिने. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असेल तर गोळीने जळजळ थांबते, जंतू राहतोच.

तो अमोनिया तयार करून आजूबाजूचं आम्ल मारतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. अस्तराला कायम सूज राहते, काहींच्या ग्रंथी झिजतात, पेशींचं रूप पालटतं आणि मोजक्यांना कर्करोग होतो. १९९४ मध्येच तो कर्करोगकारक ठरला. लागण झालेल्या शंभरातल्या एक ते तीन जणांवरच ही वेळ येते. घाबरू नका, पण टाळूही नका.

आधी धोक्याची लक्षणं बघा: वजन उतरणं, घास अडकणं, सारखी उलटी, काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही होते, ते डॉक्टरांना सांगा). यातलं काही असेल तर थेट एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून जठर बघणं. त्यात अस्तराचा कण काढून पिवळ्या माध्यमात ठेवतात. जंतू असला तर ते गुलाबी होतं.

लक्षणं साधी असतील तर श्वासाची चाचणी किंवा शौचाची अँटिजेन (जंतूचे अंश शोधणारी) चाचणी पुरते. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. ती आम्ल कमी करणारी गोळी चाचणीआधी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवी, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बंद करायचं तेही डॉक्टरांना विचारूनच. रक्ताच्या चाचणीवर विसंबू नका, तिच्यात जुनी, बरी झालेली लागणही दिसते.

जंतू निघाला तर साधारण १४ दिवसांचा कोर्स. त्यात बिस्मथ हे औषध असेल तर जीभ आणि शौच काळी पडते, तोंड कडू होतं, आणि सातव्या-आठव्या दिवशी माणूस गोळ्या सोडतो. सोडू नका, अर्धवट कोर्सनंतर जंतू औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. दुकानदाराला विचारून अँटिबायोटिक घेणं तर नकोच.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी. बरं वाटतंय म्हणून ही हमखास टाळली जाते.

खर्रा सोडा. तंबाखूने जठराच्या कर्करोगाचाही धोका वाढतो, नुसत्या तोंडाच्या नाही.

बायोप्सीत (अस्तराच्या कणाच्या तपासणीत) पेशी बदललेल्या दिसल्या असतील तर जंतू गेल्यावरही पुढची एंडोस्कोपी कधी, ते विचारून लिहून घ्या. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर जळजळ नसली तरी चाचणीचं डॉक्टरांशी बोला.