मीठ तोडण्याआधी गोळ्यांची पिशवी बघा

राजारामपुरीतल्या माझ्या मेडिकलात एक काकू सुट्टे पैसे उचलत होत्या. काचेवरचं दहाचं नाणं काही केल्या बोटांत येईना, हात इतका थरथरत होता. मनाच्या टोकाच्या चढउतारांवरची (बायपोलर आजारावरची) लिथियमची गोळी कित्येक वर्षांची, डोस तोच. मग आठवलं. काकांचं बीपी वाढलं तेव्हा महिन्यापूर्वी मीच म्हणालो होतो, "मीठ तोडा." आणि एका घरात दोन आमट्या कोण करतंय?

लगेच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. रक्तात लिथियम 1.6 निघालं, एरवी 0.6 ते 1.2 च्या दरम्यान ठेवतात.

किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते. पोटात मीठ कमी गेलं की ती सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही रक्तात परत ओढते. खारट एकदम वाढलं तर उलटं, औषध भराभर निघून जातं आणि आजार परत उसळतो.

तेव्हा लिथियम चालू असेल तर मीठ रोज साधारण तेवढंच ठेवा. लोणचं, पापड, खर्डा, मिसळीवरचं फरसाण, सगळं मिठातच धरा. उपासाचं सैंधव वेगळं असं बरेच जण सांगतात, तेही सोडियमच. नवरात्राचे उपास किंवा बीपीचं पथ्य धरायचं तर आधी डॉक्टरांना विचारा. ते रक्त तपासायला सांगतील, ते शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. रोज चार-पाच कप चहा पिणाऱ्यानं तो एकदम सोडला तरी लिथियम वाढू शकतं. कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेन मनानं घेऊ नका, त्यानंही साचतं. उलट्या-जुलाब लागले, तोल जायला लागला, बोलणं जड झालं, तर उद्यावर ढकलू नका. गोळ्यांचं पाकीट घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खायच्या सोड्याचं दुखणं वेगळं. त्यानं लघवीची आम्लता कमी होते. स्मृतिभ्रंशावरची मेमँटिन तेव्हा किडनीतून नीट निघत नाही. लघवीचा पीएच 8 झाला तर तिचं बाहेर पडणं सुमारे 80 टक्क्यांनी घटतं. आजोबांना रोज जेवणावर सोडा देत असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. ते आपण होऊन सोड्याचं विचारत नाहीत, आणि घरचे सोड्याला औषध समजतच नाहीत.