ऑफ-रोड गाडीचे जादा लाइट: स्वस्त कुठे चालतात आणि कुठे नाही

दोन-तीन हजारांची जोडी आणि पन्नास हजारांची जोडी काउंटरवर शेजारी शेजारी पेटवली, तर डोळे दोन्हींनी सारखेच दिपतात. त्यामुळे पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात भिंतीवर झोत मारून लाइट निवडण्यात अर्थ नाही. खरा फरक दिसतो तो वीस मिनिटं सलग पेटल्यावर, तापलेल्या अवस्थेत ओढ्यात बुडाल्यावर किंवा दीडशे मीटरवरचा दगड ओळखायची वेळ आली की.

आधी लाइटचं काम ठरवा, बजेट नंतर. कॅम्पवर उजेड पाडायला, मागे घेताना किंवा गाडीच्या बाजूचा चर बघायला दहा-वीस वॅटचा स्वस्त फ्लड (पसरट झोताचा लाइट) पुरतो. तिथे अंतर दहा-पंधरा मीटर असतं आणि लाइट थोडाच वेळ पेटतो. बंद पडला तरी कुणी दरीत जात नाही. महागडे लाइट तिथे लावणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. मात्र मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला रात्री मोकळ्या मातीच्या वाटेवर चाळीसच्या वेगाने जायचं असेल, तर पुढच्या ड्रायव्हिंग लाइटवर, म्हणजे लांबवर झोत टाकणाऱ्या लाइटवर, हात आखडू नका. हेला, पिआ, बाजा डिझाइन्स यांच्यासारख्या कंपन्यांना जादा पैसे मोजायचे ते मुख्यतः रिफ्लेक्टर आणि लेन्ससाठी. उजेड किती तयार होतो यापेक्षा तो नेमका कुठे पडतो, हे या दोन भागांवर ठरतं.

खोक्यावर ‘२०,००० लुमेन’ (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) लिहिलेलं असतं, ते सरळ सोडून द्या. तापकीर गल्लीत डीसी अँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर मिळतो. एसी-वाला चालणार नाही, हे घेतानाच बघा. इंजिन चालू ठेवून एका लाइटच्या एकाच वायरवर क्लॅम्प लावा. समजा १३.५ व्होल्टवर २.५ अँपिअर दिसले, म्हणजे लाइट ३४ वॅट खातो. चांगली एलईडी, लेन्समधलं नुकसान धरून, वॅटला साधारण शंभर लुमेन बाहेर टाकते. म्हणजे हातात आले साडेतीन हजारांच्या आसपास. उरलेले सोळा-साडेसोळा हजार फक्त खोक्यावर.

लुमेनपेक्षा झोताची तीव्रता मोजलेली जास्त उपयोगाची, आणि ती लक्स मीटरने, म्हणजे एखाद्या जागी किती उजेड पडतो ते मोजणाऱ्या यंत्राने, घरच्या घरी निघते. अंधारात लाइटपासून बरोबर १० मीटरवर झोताच्या मध्यात मीटर धरा. आकड्याला शंभराने गुणा, ही झाली कँडेलामधली तीव्रता, आणि तिचं वर्गमूळ काढा. तितक्या मीटरवर एक लक्स उजेड पोचतो. १० मीटरवर ४०० लक्स आले तर ४०,००० कँडेला, म्हणजे २०० मीटर. एक लक्समध्ये जेमतेम आकार कळतो, दगड की खड्डा हे नाही. शिवाय दुप्पट लांब बघायला चौपट तीव्रता लागते, म्हणून अजून एक स्वस्त जोडी वाढवून अंतर फारसं वाढत नाही, फक्त समोरची दहा-वीस मीटर जमीन पांढरीफटक होते. तीही घातकच: जवळ फार उजेड असला की बाहुली आकसते आणि लांबचं दिसेनासं होतं.

हाच मीटर उष्णतेची परीक्षाही घेतो. पेटवल्याबरोबर एक आकडा टिपा आणि लाइट न हलवता वीस मिनिटांनी दुसरा. तापल्यावर चांगला लाइटही थोडा उतरतो. पण आकडा तिसऱ्या हिश्श्याने पडला, तर ॲल्युमिनियमचं कवच पातळ आहे किंवा एलईडीची प्लेट कवचाला नीट टेकलेली नाही. ही परीक्षा उभ्या गाडीवरच करा, कारण रांगत्या वेगात लाइटला वारा मिळतच नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त लाइट मरतात ते पाण्याने. आयपी ६७ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, हे सगळे सांगतात. या चाचणीत पाण्याच्या आणि लाइटच्या तापमानात पाच अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाहीत, हे मात्र कुणी सांगत नाही. ओढ्यात शिरणारा लाइट तापलेला असतो. गार पाणी लागताच आतली हवा आकुंचन पावते आणि रबरी सीलच्या कडेने पाणी ओढून घेते. चांगल्या लाइटमध्ये हवा ये-जा करू देणारी पण पाणी अडवणारी छोटी झडप असते. कवचाच्या मागच्या बाजूला नाण्यापेक्षा लहान गोल टिकली दिसते, ती शोधा. नुसताच सिलिकॉन फासलेला असेल तर एखादा पावसाळा निघेल, खात्री नाही. आयपी ६९के हा शिक्का गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा आहे. चिखल धुवायला वॉशिंग सेंटरची प्रेशर गन वापरणाऱ्यांनी तो बघावा.

आयपी ६७ किंवा त्याहून वरचा दावा असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत लाइट वीस मिनिटं पेटवून बंद करा आणि पाच मिनिटं बादलीत बुडवा. काचेच्या आत थेंब दिसले की परत. पुसट वाफ धरली आणि परत पेटवल्यावर निघून गेली तर चालेल.

धुक्यासाठी पिवळा लाइटच हवा, असं सगळेच सांगतात. पिवळ्याची चकाकी डोळ्यांना कमी बोचते हे खरं, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. फॉग लॅम्पचं खरं काम करतो तो वरून कापलेला सपाट झोत, आणि तोही बंपरच्या खाली लावला तरच. साध्या फ्लडवर पिवळी फिल्म चिकटवून फॉग लॅम्प होत नाही. टपावरचा लाइट बार तर धुक्यात आणि पावसात बंदच ठेवा, कारण त्याचा उजेड थेट नजरेसमोरच्या थेंबांवर आणि बोनेटवर पडून परत डोळ्यांत येतो. वरंधा घाटात जुलैत हे पाच मिनिटांत पटतं.

एक परीक्षा बहुतेक जण विसरतात. एफएमवर क्षीण येणारं स्टेशन लावा आणि लाइट पेटवा. खरखर सुरू झाली तर एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या ड्रायव्हर सर्किटला फिल्टर नाही. ताफ्यात वॉकीटॉकी वापरत असाल तर असा लाइट नकोच.

लाइट स्वस्त घेतला तरी वायरिंग स्वस्त नको, कारण गाडीला आग लागते ती वायरिंगने. लाइटसोबत फुकट येणाऱ्या हार्नेसची (वायरिंगच्या संचाची) वायर ब्लेडने खरवडून बघा: वरून तांबडी आणि आत चंदेरी पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. ते जास्त तापतं आणि दमट हवेत जोडाशी कुजतं. फेकून द्या. २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वाहनांची वायर, चार पिनांचा रिले (स्विचच्या छोट्या सिग्नलवर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा) आणि पाणी न शिरणारे कपलर (वायर जोडायचे प्लग) घ्या.

बॅटरीच्या धन टोकावरून वायर काढली की पहिल्या पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आत फ्यूज बसवा. दोन्ही लाइट मिळून पाच-सहा अँपिअर घेत असतील तर १० अँपिअरचा, दहाच्या आसपास असतील तर १५ चा. फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरला आणि ८७ वरून लाइटला. ८६ ला स्विचचा सिग्नल, ८५ ला अर्थ. सिग्नल अप्परच्या (हाय बीमच्या) वायरवरून घेतला की हेडलाइट डिप करताच जादा लाइटही विझतात, ते उत्तम. पण काही नव्या गाड्यांत त्या वायरमध्ये वीज सलग न येता तुटक स्पंदनांत येते आणि रिले तडतडतो. तसं झालं तर इग्निशनच्या फ्यूजवरून सिग्नल घ्या, मग डिप करताना जादा लाइट विझवणं तुमच्या हातात. कंपनीचा हार्नेस कापू नका, पुढे वॉरंटीचा वाद होतो. काम झाल्यावर बॅटरीवर आणि लाइटच्या कपलरवर व्होल्ट मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर एखादं थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) नीट दाबलेलं नाही किंवा अर्थ रंगावर बसलाय.

लाइट बसवायची पट्टी तीन मिलिमीटरची घ्या आणि नायलॉकचे (थरथरून सैल न होणारे) नट लावा. पातळ पत्र्यावर महागाचा लाइटही थरथरतो आणि शंभर मीटरवर झोत नाचतो.

सार्वजनिक रस्त्यावर हे लाइट बंद ठेवा आणि वर काळं कव्हर चढवा. कव्हर आहे म्हणजे पोलीस सोडतीलच असं नाही, पण समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे तरी वाचतात.

झोत लावताना गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा. लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. ड्रायव्हिंग लाइटचा सगळ्यात तेज भाग त्या खुणेवर किंवा किंचित खाली हवा, फॉगची वरची कड १५ ते २० सेंटीमीटर खाली. हे सगळं टाकी, सामान आणि माणसं भरून करा, कारण मागे वजन आलं की गाडीचं नाक उचलतं आणि रिकाम्या गाडीवर लावलेला झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो.