आतषबाजीची फायरिंग पेटी: आठ चॅनेलची सुरक्षित जोडणी

वातीने औट (नळीतून आकाशात उडणारा दारूचा गोळा) पेटवणारा माणूस नळीच्या तोंडाशी असतो. बटन दाबून विजेने औट पेटवणारी फायरिंग पेटी त्याला पन्नास मीटर मागे आणते. पण पेटीची जोडणी चुकली तर धोका वातीपेक्षा मोठा, कारण वात निदान पळायला दोन-चार सेकंद देते. करंट तेवढेही देत नाही. त्यामुळे कवठेएकंदचा दसरा असो की साताऱ्याकडची एखादी यात्रा, पेटी बांधताना पहिला प्रश्न एकच: कुठला एक भाग बिघडला तर नको तेव्हा करंट जाईल? असा एकही भाग राहता कामा नये.

आतषबाजीला प्रशासनाची परवानगी आणि दारूकामाचा परवाना असलेला माणूस हवाच. इग्नायटर (करंट मिळताच पेटून औट पेटवणारा छोटा तुकडा) कारखान्यात बनलेला, परवानाधारक विक्रेत्याकडचा घ्या. घरी कालवलेल्या मसाल्याचा नको. विहिरीच्या सुरुंगाची टोपी तर चुकूनही नको. तो डिटोनेटर आहे, हात नेतो.

सामान बरंचसं गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं: १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, १० अँपिअरचा फ्यूज, पाच पिनी हॉर्न रिले (करंटने चालणारा स्विच), स्प्रिंगची पुश बटनं नऊ (आठ फायरची, एक आर्मचं, म्हणजे पेटी सज्ज करणारं), १२ व्होल्टचा लाल इंडिकेटर. तीन जागांचा चावीचा स्विच (बंद, चाचणी, फायर) मात्र शोधून घ्या. तो १० अँपिअरचा हवा आणि चावी फक्त ‘बंद’वरच निघायला हवी. याशिवाय आठ एलईडी, नऊ १एन४००७ डायोड, ५६० ओहमचे सोळा रेझिस्टर आणि लॉक होणारा, किमान सोळा पिनांचा कनेक्टर.

फायरची जोडणी अशी. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज, तिथून चावी. चावीच्या ‘फायर’ जागेतून एक वायर रिलेच्या ८७ नंबरच्या पिनला, दुसरी आर्म बटनातून ८६ ला. ८५ मायनसला, आणि ८५-८६ वर एक डायोड, डायोडवरच्या रेघेची बाजू ८६ कडे. ३० नंबरची पिन म्हणजे फायरची मुख्य पट्टी. आठही फायर बटनं तिथूनच करंट घेऊन आपापल्या आउटपुटला देतात. आता ८७ए: ही पिन बरेच जण मोकळी सोडतात. ती मायनसला जोडा. मग आर्म दाबलेलं नसताना मुख्य पट्टी थेट मायनसला बांधलेली राहते आणि एखादं फायर बटन अडकलं तरी काही होत नाही. लाल इंडिकेटर मुख्य पट्टी आणि मायनसमध्ये लावा. आर्म न दाबता तो पेटला तर रिले चिकटलाय. चावी बंद करा, पेटी बाजूला ठेवा.

चाचणीची लाइन पूर्ण वेगळी ठेवा. चावीच्या ‘चाचणी’ जागेतून प्रत्येक चॅनेलला (एका फायर बटनाच्या लाइनला) डायोड, एलईडी आणि ५६० ओहमचे दोन रेझिस्टर ओळीने, मग आउटपुट. करंट साधारण ९ मिलिअँपिअर जातो. एक रेझिस्टर शॉर्ट झाला तरी तो २५ च्या आतच राहतो. म्हणूनच एका मोठ्याऐवजी दोन. चाचणीचा करंट ५० मिलिअँपिअर किंवा इग्नायटरच्या नो-फायर करंटचा (ज्या करंटपर्यंत तो पेटत नाही त्याचा) पाचवा भाग, यांत जे कमी असेल त्याच्या आत हवा. स्वस्त पेट्यांत एलईडी फायर बटनावरच समांतर जोडलेला असतो आणि चाचणीत बटन दाबलं गेलं की औट सुटतो. तशी पेटी वापरू नका.

सगळ्यात जास्त फसगत केबलमध्ये होते. एलईडी पेटला म्हणजे सर्किट जोडलेलं आहे, एवढंच कळतं. औट उडेल असं नाही. इग्नायटर साधारण २ ओहमचा, आणि खात्रीने पेटायला १ अँपिअर धरा. टेलिफोनची बारीक वायर ५० मीटर टाकली, तर जाऊन-येऊन सुमारे ९ ओहम. १२ भागिले ११ म्हणजे जेमतेम १.१ अँपिअर, बॅटरी थोडी उतरली की गेलं. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला तेवढ्याच अंतरात ४ ओहम लागतात, करंट २ अँपिअर. याच वायरवर तीन इग्नायटर सिरीजमध्ये चालतात (१.२ अँपिअर), पाच नाही. पाच समांतर जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा अँपिअरच येतो. सिरीजमध्ये सगळे एकाच बॅचचे घ्या, नाहीतर एक आधी तुटतो आणि बाकीचे तसेच राहतात. प्रत्येक चॅनेलला स्वतःची दोन वायरींची जोडी द्या.

कनेक्टरचा एक जादा भाग घेऊन त्याच्या सगळ्या पिना एकमेकींना डाग देऊन जोडा. हा शॉर्टिंग प्लग. मैदानात वायरी लागत असताना केबलचं पेटीकडचं टोक या प्लगमध्ये असतं, पेटीत नाही. इग्नायटरची उघडी टोकंही जोडणीच्या क्षणापर्यंत पिळलेलीच ठेवा.

पहिली चाचणी दारूशिवाय. इग्नायटरच्या जागी गाडीच्या इंडिकेटरचे २१ वॉटचे बल्ब लावा. ‘चाचणी’त एलईडी पेटावा, बल्ब अजिबात पेटू नये. ‘फायर’मध्ये नुसतं फायर बटन दाबलं तर काहीच नाही, आर्म धरून दाबलं तरच बल्ब. आर्म सोडताच अंधार. मग मल्टिमीटर १० अँपिअर रेंजवर नव्हे, मिलिअँपिअरवर ठेवून आउटपुट शॉर्ट करा आणि चाचणीचा करंट आठही चॅनेलवर मोजा. खऱ्या इग्नायटरला साधा मल्टिमीटर लावायचा नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी चावी पेटीला लावून ठेवू नका. ती फायर करणाऱ्याच्या खिशात. मैदानातला शेवटचा माणूस समोर येऊन उभा राहिला की मगच शॉर्टिंग प्लग काढून केबल पेटीला. ‘चाचणी’सुद्धा मैदान रिकामं झाल्यावरच. प्रेक्षक औटाच्या व्यासाच्या दर इंचाला ७० फूट, म्हणजे तीन इंची औटाला २१० फूट लांब. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस असतो. गडगडाट ऐकू आला की वायरी असतील तशा सोडून सगळ्यांनी बाहेर यायचं. विजेपुढे शॉर्टिंग प्लगचंही काही चालत नाही.

एखादा औट उडाला नाही तर पुन्हा पुन्हा बटन दाबत बसू नका. चावी बंद करून काढा, केबल सोडा, शॉर्टिंग प्लग लावा आणि किमान १५ मिनिटं थांबा. मग एकट्या परवानाधारकाने बाजूने जायचं, नळीच्या तोंडावर कधीच वाकायचं नाही, आणि औट उपसण्याआधी नळीत पाणी भरायचं.