वाट संपल्यानंतरचा प्रवास: लांब पल्ल्याच्या ट्रेकनंतर पुढे जाण्याची तयारी

शेकडो किलोमीटरच्या पदभ्रमणाची आखणी करताना पाण्याच्या जागा, मुक्काम, चढ-उतार आणि शिधा यांचा हिशेब काटेकोरपणे मांडला जातो. मात्र वाट संपल्यावर तिथून पुढे कसे जायचे, या रकान्यात बहुतेकांनी ‘पोहोचल्यावर बघू’ एवढेच लिहिलेले असते. हे बघणे ज्या दिवशी करायचे असते त्या दिवशी अंगात त्राण नसते, फोनची बॅटरी संपत आलेली असते आणि सर्वांत आधी अंघोळ व जेवण हवे असते. त्यामुळे पुढच्या प्रवासाची बहुतेक कामे पहिले पाऊल टाकण्याआधीच उरकलेली बरी. या सगळ्या तयारीत एकच गोष्ट हेतुतः मोकळी सोडायची आहे, ती म्हणजे शेवटच्या दिवसाची तारीख. आणि ती मोकळी सोडता यावी म्हणूनच बाकीचे सारे आधी पक्के करायचे आहे.

वाट नेमकी कुठे संपते आणि तिथून सर्वांत जवळचे बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा विमानतळ किती दूर आहे, याची नोंद सर्वप्रथम करावी. वाटा आखणाऱ्यांनी शेवट निवडताना वाहनांची सोय पाहिलेली नसते. अमेरिकेतील सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलेशियन ट्रेल उत्तरेकडे जाताना कटाडिन पर्वताच्या माथ्यावर संपते, म्हणजे पाटीपाशी फोटो काढून झाला की आठ-साडेआठ किलोमीटर खाली उतरावे लागते आणि त्यानंतरच मिलिनॉकेट गावाकडे जाणाऱ्या वाहनाची चिंता सुरू होते. अमेरिकेच्याच पश्चिम भागातील पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचे उत्तर टोक थेट कॅनडाच्या सीमेवर आहे. पूर्वी आगाऊ परवानगी घेऊन तिथून पुढे कॅनडात उतरता येत असे. ही परवानगी देणे २०२५च्या प्रारंभी बंद झाले, त्यामुळे आता सीमेवरच्या खांबाला हात लावून सुमारे ४८ किलोमीटर मागे, हार्ट्स पास या घाटापर्यंत, चालत यावे लागते. जुनी माहिती हाताशी धरून निघालेल्याला हे तीन दिवसांचे अन्न कमी पडल्यावर कळते. न्यूझीलंडची ‘ते अरारोआ’ ही वाट दक्षिणेत ब्लफ येथे संपते आणि तिथून इन्व्हरकार्गिल सुमारे २७ किलोमीटर आहे. या मानाने कामिनो या तीर्थयात्रेच्या वाटेचे शेवटचे शहर, स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला, हा फारच सोयीचा शेवट म्हणावा लागेल, कारण रेल्वे, बस आणि विमानतळ हे सारे तिथे आहे; परंतु अनेकांना तिथे पोहोचल्यावर आणखी सुमारे ९० किलोमीटरवरच्या फिनिस्टेरच्या समुद्रापर्यंत चालावेसे वाटते, आणि ही इच्छा गृहीत धरूनच दिवस मोजावेत. शेवटच्या ठिकाणाहून निघणाऱ्या बसचे वेळापत्रक पाहताना ती रविवारी धावते का आणि हंगाम संपल्यावर बंद होते का, हे दोन प्रश्न आवर्जून विचारावेत.

तारखेच्या बाबतीत माझे मत थोडे कडक आहे. शेवटच्या दिवसाच्या दुसऱ्याच सकाळचे, बदलता न येणारे विमान तिकीट काढणे म्हणजे शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या मागे घड्याळ लावून घेणे होय. पाऊस, वणव्यामुळे बंद झालेला टप्पा, पायाला आलेला मोठा फोड यांपैकी एक तरी गोष्ट घडतेच, आणि मग दुखऱ्या गुडघ्यावर रोजचे अंतर वाढवून तिकीट वाचवण्याचा खटाटोप होतो. दोन आठवड्यांच्या वाटेसाठी किमान दोन मोकळे दिवस राखावेत. कित्येक महिन्यांच्या वाटेसाठी तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे किंवा शेवटचे दोन-तीन आठवडे उरेपर्यंत तिकीट काढूच नये. एव्हरेस्ट बेस कँपच्या वाटेवर हे मोकळे दिवस चैनीचे नसून गरजेचे असतात, कारण वाटेच्या सुरुवातीला असलेल्या लुक्ला या डोंगरी विमानतळाची विमाने प्रामुख्याने सकाळीच उडतात आणि ढग उतरले की तीही थांबतात. त्यातच गर्दीच्या हंगामात त्यांपैकी बहुतेक विमाने काठमांडूऐवजी रामेछापमधील मंथली येथे उतरतात आणि तिथून राजधानीपर्यंत मोटारीने चार ते पाच तास लागतात. त्याच संध्याकाळी काठमांडूहून परदेशी विमान धरण्याची आखणी कागदावर जमते, प्रत्यक्षात क्वचितच.

व्हिसाचे दिवस मोजताना ट्रेकचे आणि पुढच्या प्रवासाचे दिवस एकाच पट्टीवर मांडावेत. युरोपातील शेंगेन देशांत (परस्परांत सीमा-तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. त्यात आगमनाचा आणि प्रस्थानाचा असे दोन्ही दिवस धरले जातात, शिवाय देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. व्हिसावर याहून कमी दिवस लिहिलेले असतील तर तेच खरे मानावेत. फ्रान्सच्या सीमेवरून सांतियागोपर्यंतची सुमारे ७८० किलोमीटरची वाट रमतगमत चालणाऱ्याचे पाच आठवडे सहज जातात. त्यानंतर आणखी चार देश पाहायचे असतील, तर ही वजाबाकी आधीच करून ठेवावी. पुढच्या देशात प्रवेशासाठी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी असते का, आणि परतीचे किंवा पुढचे तिकीट दाखवावे लागते का, हेही पाहावे. तारीख मोकळी ठेवण्याच्या सल्ल्याला इथे मुरड घालावी लागते, कारण असे तिकीट नसेल तर विमान कंपनी बोर्डिंग पास देण्याआधीच अडवू शकते. रद्द करून पैसे परत मिळतील असे तिकीट काढणे, हा यातला त्यातल्या त्यात बरा मार्ग.

यानंतर ‘दुसऱ्या पिशवी’चा विचार करावा. वाटेवर नको असलेल्या आणि वाट संपताच हव्या असलेल्या वस्तू वेगळ्या बांधून शेवटच्या गावी पोहोचतील अशी व्यवस्था करावी: एक पूर्ण स्वच्छ पोशाख, हलक्या मोकळ्या चपला, फोनचा मोठा चार्जर, चष्म्याची दुसरी जोडी, नियमित औषधांचा पुढील साठा आणि सॅक विमानात टाकण्यासाठी मोठे जाड आवरण किंवा घडीची डफल बॅग. ही पिशवी हॉटेलमध्ये, ओळखीच्यांकडे किंवा पोस्टात ठेवता येते. काही गर्दीच्या वाटांवर सामान पुढे नेऊन सांभाळण्याची सेवाही मिळते. पोस्ट कार्यालये पार्सल ठरावीक मुदतीपर्यंतच ठेवतात आणि नंतर परत पाठवतात, त्यामुळे पोहोचण्याचा दिवस पुढे गेला तर मुदत वाढवून घेण्याची जबाबदारी आपली असते. पार्सल शनिवारी दुपारी गाठायचे असेल तर कार्यालय उघडे असेल का, हाही प्रश्न त्याच यादीत लिहावा. पासपोर्ट मात्र या पिशवीत कधीही ठेवू नये. तो अंगावरच, पाणी न शिरणाऱ्या पाकिटात असावा.

विमानतळावर सर्वाधिक खोळंबा ट्रेकच्या सामानानेच होतो. गॅसचा कॅन, भरलेला असो वा थोडासा उरलेला, ना हातातल्या सामानात चालतो ना विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात. म्हणून तो शेवटच्या गावातच, वाट सुरू करणाऱ्या एखाद्याला किंवा हॉस्टेलच्या ‘घ्या आणि ठेवा’ पेटीत देऊन टाकावा. अस्वलांना पळवण्यासाठीच्या फवाऱ्यालाही हाच नियम लागू होतो. स्टोव्हला इंधनाचा वास येत असेल तर तोही काढून ठेवला जाऊ शकतो, विशेषतः द्रव इंधनावर चालणारा. तेव्हा तो आणि त्याची बाटली साबणाने धुऊन, उघडी ठेवून, वास पूर्ण जाईपर्यंत वाळवावी आणि तरीही विमान कंपनीचा नियम आधी वाचावा, कारण काही कंपन्या वापरलेला स्टोव्ह घेतच नाहीत. चाकू आणि ट्रेकिंगच्या काठ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात द्याव्यात. काठ्या पूर्ण मिटवून टोकांना रबरी टोप्या लावाव्यात आणि त्या सॅकच्या बाहेर न बांधता मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. बाहेर लोंबणारा प्रत्येक पट्टा सामानाच्या पट्ट्यावर कुठेतरी अडकतो. पॉवर बँकचे नेमके उलटे आहे, ती फक्त हातातल्या सामानातच न्यायची असते आणि तिची मर्यादा साधारणपणे १०० वॉट-अवर असते. २०,००० मिलिअँपिअर-अवरची नेहमीची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवर भरते, म्हणजे चालते. परंतु तिच्यावरचा छापील आकडा वाटेवर घासून पुसला गेला असेल तर सुरक्षा तपासणीत तुमचा हिशेब कोणी ऐकून घेत नाही. त्या आकड्यावर सुरुवातीलाच पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी.

सामानाच्या स्वच्छतेसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा. बुटांच्या तळव्यांतील माती, तंबूच्या खुंट्यांना चिकटलेले गवत आणि मोज्यांत अडकलेल्या बिया यांच्याबाबत न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया हे देश अतिशय कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये उतरताना वापरलेले बूट आणि कँपिंगचे सामान प्रवेशाच्या अर्जात जाहीर करावे लागते, आणि जोखमीची वस्तू जाहीर न केल्यास जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. जाहीर केल्याने दंड होत नाही, फार तर तपासणी होते. तळव्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने आणि टोकदार काडीने साफ कराव्यात, नाडीच्या छिद्रांखालची जीभ उलटी करून पाहावी (बिया तिथेच लपून बसतात) आणि सॅक उलटी करून तळाच्या शिवणीतला कचरा झटकावा. तंबू ओला गुंडाळून पुढच्या प्रवासाला निघाल्यास एक-दोन दिवसांत त्याला बुरशीचा वास येऊ लागतो. त्यामुळे शेवटच्या मुक्कामाची खोली ठरवताना बाल्कनी किंवा वाळत घालायला दोरी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. सामूहिक निवासांत झोपलेल्यांनी सर्व कपडे गरम पाण्यात धुवून ड्रायरच्या पूर्ण उष्णतेवर वाळवावेत, म्हणजे ढेकूण पुढच्या देशात सोबत येत नाहीत.

शरीराची तयारी हा भाग यादीत बहुधा नसतोच, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक आठवडे चाललेले पाय सुजतात आणि पसरतात, त्यामुळे घरून मागवलेले जुने बूट घट्ट होण्याची शक्यता असते. पुढच्या प्रवासासाठी पट्ट्यांच्या, सैल करता येणाऱ्या चपला सोयीच्या. पायाच्या बोटांची बधिरता कित्येक आठवडे टिकू शकते. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले लंगडतच पडतात, हे लक्षात घेऊन दोन गाड्यांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवू नये. सर्वांत जपायचे ते पोटऱ्यांना. चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने, तो विमानाचा असो वा बसचा, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ट्रेक करून आलेल्या माणसाला पोटरी दुखण्याची इतकी सवय झालेली असते की तो त्याकडे दुर्लक्ष करतो. एकाच पायाला सूज, लाली आणि दुखणे एकत्र दिसल्यास, किंवा अचानक धाप लागल्यास, तो थकवा समजू नये आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. बाकी वेळी पाणी पीत राहावे, दर तासाला उठावे आणि बसल्या जागी घोटे फिरवावेत. भूक मात्र वाट संपली म्हणून संपत नाही, ती काही आठवडे तशीच राहते, तेव्हा लांबच्या प्रवासात खाण्याचा भरपूर साठा जवळ ठेवावा.

फोन आणि पैशांची कामे थोडक्यात सांगता येतील. बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो तो परदेशातही सुरू राहील अशी सोय करावी, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डे वेगवेगळ्या खिशांत ठेवावीत आणि तिकिटे, विमा व व्हिसा यांच्या प्रती इंटरनेटविना उघडतील अशा रीतीने फोनमध्ये उतरवून घ्याव्यात. शेवटच्या दिवशीचा पहिला मुक्काम आधीच निवडून ठेवावा, पण पैसे भरताना तारीख बदलण्याची मुभा पाहावी.

विम्याच्या कागदात तीन ओळी शोधाव्यात: पदभ्रमणासाठी उंचीची मर्यादा किती, संरक्षण ट्रेकपुरते आहे की पुढच्या सर्व देशांपर्यंत, आणि परदेशात असतानाच मुदत वाढवता येते का. यातली शेवटची ओळ नसलेले विमापत्र लांब वाटेसाठी घेऊ नये. वाटेवर लागलेले आजार नंतर डोके वर काढतात, म्हणूनही हे महत्त्वाचे आहे. ओढ्याच्या पाण्यातून होणाऱ्या जियार्डिया या पोटाच्या आजाराची लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, आणि गोचीड चावून होणाऱ्या लाइम आजाराचा चट्टा ३ ते ३० दिवसांत कधीही उमटू शकतो. तोवर तुम्ही दुसऱ्याच देशात, समुद्रकिनारी असता आणि तिथल्या डॉक्टरांना जंगलाची कल्पनाही नसते. त्यासाठी कुठले पाणी न गाळता प्यायलो आणि गोचीड कोणत्या तारखेला, शरीराच्या कोणत्या भागावरून काढली, याच्या दोन ओळी रोजच्या वहीत लिहाव्यात, चट्टा दिसल्यास शेजारी नाणे ठेवून त्याचा फोटो काढावा, आणि ही वही परतीच्या पार्सलात न टाकता पुढच्या प्रवासभर हातातल्या पिशवीत ठेवावी.