महापालिकेच्या समितीचे इतिवृत्त कसे मिळवायचे: नाशिककरांसाठी

झाडे तोडायची परवानगी, फेरीवाल्यांच्या जागा, प्रभागातल्या गटारीचा खर्च यातले बरेचसे समितीच्या टेबलावरच ठरते. बातमी छापून येते तेव्हा बैठक होऊन गेलेली असते. सभा खुल्या ठेवण्यासाठी महाराष्ट्रात एकच स्वतंत्र कायदा नाही. तरतुदी वेगवेगळ्या कायद्यांत विखुरल्या आहेत, त्या एकत्र वापराव्या लागतात.

महासभेचे सोपे आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूचीप्रमाणे ती लोकांसाठी खुली असते. हजर नगरसेवकांनी बहुमताने ठराव केला, तरच एखादी चर्चा बंद दाराआड होते. राजीव गांधी भवनातल्या नगरसचिव विभागात आदल्या दिवशी जाऊन प्रवेशाची पद्धत विचारून ठेवा. बसून ऐकता येते, बोलता येत नाही. व्यत्यय आणणाऱ्याला पीठासीन अधिकारी बाहेर काढू शकतात. हीच तरतूद प्रत्येक समितीला लागू आहे असे धरून दारात वाद मात्र घालू नका.

समित्यांसाठी खरे हत्यार म्हणजे माहिती अधिकार अधिनियम, 2005 मधले कलम 4(1)(ख). त्यातल्या 17 मुद्द्यांपैकी आठवा मुद्दा फार कमी लोक वाचतात. कार्यालयाचा भाग म्हणून किंवा सल्ल्यासाठी नेमलेल्या, दोन किंवा अधिक माणसांच्या प्रत्येक समितीची यादी कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते. बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का, इतिवृत्त पाहता येते का, हेही त्यातच लिहायचे असते. महापालिकेच्या संकेतस्थळावर विभागवार ही माहिती शोधा. तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे दिसले आणि समिती तर अस्तित्वात आहे, तर त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा. पुढे अपिलात ती कामी येते.

माहिती अधिकाराचा अर्ज करण्याआधी एकदा कागद डोळ्यांनी पाहावेत, असे आमचे ठाम मत आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर कामकाजाच्या पुढच्या दिवशी. फाईल क्रमांक आणि बैठकींच्या तारखा वहीत उतरवून घ्या. या दोन गोष्टी नसल्या की अर्ज मोघम होतो आणि उत्तरही मोघम येते.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करायचा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखला जोडावा लागतो. विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. वृक्ष प्राधिकरण, म्हणजे झाडे तोडायच्या परवानगीचे विषय ज्या समितीपुढे येतात ती, उदाहरणादाखल घेतली तर मजकूर साधारण असा ठेवा:

“वृक्ष प्राधिकरणाच्या अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या सर्व बैठकींची नोटीस, विषयपत्रिका, हजेरीपत्रक, इतिवृत्त (कायम झालेले नसल्यास उपलब्ध मसुदा) आणि ठरावांवरील अनुपालन अहवाल यांच्या प्रती.”

यात हजेरीपत्रक आणि मसुदा हे शब्द मुद्दाम घातले आहेत. इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम, म्हणजे मंजूर, होते. पुढची बैठक चार महिने झालीच नाही, तर ‘इतिवृत्त अद्याप कायम झालेले नाही’ एवढेच उत्तर येते. हजेरीपत्रक मात्र त्याच दिवशी तयार होते. बैठक झाली का, आणि कोण आले होते, हे त्यावरून कळते. ‘परवानगी का दिली?’ असे विचारू नका. अधिकाऱ्याने नोंदीत असलेला कागद द्यायचा असतो, कारण शोधून सांगायचे नसते. म्हणून प्रश्नाऐवजी कागदाचे नाव लिहा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी वाया जात नाही. कलम 6(3) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. उत्तराची मुदत 30 दिवस. पानाला 2 रुपये घेतात. फीचे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत, तेव्हा लगेच भरा. मुदत उलटली तर माहिती विनामूल्य द्यावी लागते. पहिले अपील 30 दिवसांत, 20 रुपयांच्या स्टॅम्पसह, महापालिकेतल्याच वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. त्यानंतर 90 दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. पोच जपून ठेवा, अपिलाची मुदत तारखांवरच मोजतात.

फेरीवाल्यांचे विषय पाहणाऱ्या नगर पथविक्रेता समितीसाठी याहून जवळची वाट आहे. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे तिचे किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असतात. त्यांना बैठकीची नोटीस मिळतेच. त्यांनाच विचारा.

आणि प्रभाग समिती. पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक रोड, पूर्व, पश्चिम, यातला आपला विभाग कोणता ते आधी पक्के करा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 29अ प्रमाणे या समितीत सामाजिक काम करणाऱ्या स्थानिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन नामनिर्देशित सदस्य असू शकतात. ते त्याच भागाचे मतदार असावे लागतात. प्रभागातल्या खर्चाच्या अंदाजांवर शिफारस करणे हे समितीचे काम आहे. म्हणून रस्त्याची किंवा ड्रेनेजची मागणी डिसेंबरच्या आत लेखी द्या आणि ‘विषयपत्रिकेत घ्यावे’ असे स्पष्ट लिहा. एक प्रत विभागीय अधिकाऱ्याला, एक समितीच्या सभापतींना, दोन्हींवर आवक क्रमांक. पत्र विषयपत्रिकेत आले की नाही, हे तपासायला वरचाच अर्ज समितीचे नाव बदलून चालतो.