स्नोमोबाइलला थंड हवा, मला घाम

अमेरिकेतल्या वायोमिंगची टोगोटी खिंड २,९४४ मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के, त्यात माझी जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) हुडखालची गरम हवा ओढायची. म्हणून बाहेरून थंड हवा घेणारा इनटेक बसवला. ते काम सोपं. पण नंतर थ्रॉटल सोडला तरी इंजिन घोंघावतच राही, स्पार्क प्लग पांढरे पडले. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. असंच पळवलं तर पिस्टन जळतो. पेट्रोल सोडणारा मुख्य जेट मोठा घातला, फरक शून्य. शेवटी कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर, म्हणजे बूटवर, पाण्याचा बारीक फवारा मारला, आवाज बदलला! बूटचा क्लॅम्प तिरका बसला होता, तिथूनच जास्तीची हवा आत शिरत होती. (मीच बसवलेला.) सरळ करून आवळला, आता प्लग तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. फक्त भुसभुशीत बर्फात फिल्टरची जाळी बुजते, अधूनमधून झटकावी लागते.