धंदा छोटाच ठेवायचाय? मग या चुका टाळा

गेली काही वर्षं मी घरून थालिपीठाची भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते. वाढवायचं नाही हे मनाशी पक्कं होतं. पण नुसतं मनात पक्कं असून भागत नाही, हे एका दिवाळीने शिकवलं.

माझी पहिली चूक म्हणजे आकडा ठरवला नव्हता. चकलीच्या भाजणीच्या ऑर्डरी येत गेल्या, मी घेत गेले. दिवाळीत गिरणीवर ही गर्दी, दळण हातात आलं ते रात्री नऊला. पीठ परातीत पसरून गार व्हायला वेळच नव्हता, तसंच कोमट पिशव्यांत भरलं. आत वाफ धरली, पिठाच्या गुठळ्या झाल्या आणि आठवडाभरात कुबट वास. सगळ्यांचे पैसे परत केले. आता भाजणी महिन्याला ६० किलो, त्यापुढे नोंदणी बंद. माझी कढई, गिरणी आणि माझे खांदे यांना झेपतो तो हा आकडा. नंतर विचारणाऱ्यांना पुढची तारीख देते, घाई असेल तर दुसऱ्या भाजणीवालीचा नंबर देते. यात संकोच वाटू देऊ नका.

सगळ्यात महागात पडते ती भाव ठरवण्यातली चूक. ‘घरचंच तर आहे’ म्हणून आपण स्वतःची मजुरी धरतच नाही. मी किलोला १८० रुपये घ्यायचे. धान्य-डाळी ९५, गॅस आणि दळण २०, पिशवी-लेबल १०, म्हणजे १२५. हातात ५५ राहतात म्हणून खूश होते. मग एकदा घड्याळ लावून बसले. निवडणं, प्रत्येक धान्य वेगळं भाजणं, गिरणीची फेरी, भरणं: दहा किलोला सात तास. तासाला १०० रुपये धरले तरी किलोमागे ७० होतात. म्हणजे प्रत्येक किलोला मी १५ रुपये पदरचे घालत होते, आणि जितकं जास्त विकेन तितके जास्त! भाव २४० केला. काही गिऱ्हाइकं गेली, त्याचं वाईट वाटलं, पण मजुरी सुटून ४५ उरू लागले.

हाच हिशोब दुकानाला माल देताना पुन्हा मांडा. ३० टक्के कमिशन म्हणजे ७२ रुपये. नफा तर जातोच, वर मजुरीतलेही २७ जातात. त्यातून निम्मा माल एकाच दुकानात जात असेल, तर तुमचा मालक तोच. उधारी अडकत असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती फुकट आहे. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशिराला रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी धंदा कितीही लहान असला तरी लागते. राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सहसा गरज नाही, पण करपात्र माल कुरिअरने बंगळुरूला पाठवलात की उलाढाल कितीही असो, नोंदणी आली. फोनवर ऑर्डर घेताना हे हमखास विसरलं जातं.

भाजायला माझ्याबरोबर एक मावशी येतात. भाव वाढवला त्याच महिन्यात त्यांचेही पैसे वाढवले. आजारपणात कढई त्या सांभाळतात, म्हणून प्रमाणाची वही त्यांच्या हाताशी असते. ‘माझा हात’ म्हणत प्रमाण लपवून ठेवलंत, तर तापाच्या दिवशी धंदाही अंथरुणाला खिळतो.

आणि ते उरलेले ४५ रुपये घरखर्चात जाऊ देऊ नका. मी त्यातले १५ वेगळ्या डब्यात टाकते. बेडगीचा नवा माल आला की मार्चमध्ये मसाल्याची वर्षाची मिरची रोखीने घ्यायची असते.